मनीऑर्डरीवर उभी राहिलेली हायस्कुलं

कोकणातल्या कितीतरी माध्यमिक शाळांच्या लेटरहेडवर एक गंमत दिसते. शाळा असते देवगड, मालवण नाहीतर दापोली तालुक्यात, पण ती चालवणाऱ्या संस्थेच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘मुंबई’ लिहिलेलं असतं. नोंदणीचा पत्ता पाहिला तर तो बऱ्याचदा गिरगाव, लालबाग, परळ किंवा दादरच्या एखाद्या चाळीतला निघतो. ठाकूरद्वारच्या नाक्याभोवतीच्या वाड्यांमधून अशा मंडळांच्या कार्यकारिणी सुट्टीच्या दिवशी भरायच्या. जेमतेम दहा-बारा माणसं मावतील एवढी खोली, मागच्या सभेचं इतिवृत्त, पावतीपुस्तकांचा हिशेब आणि चहा. विषय असायचे गावच्या शाळेची गळकी कौलं, विहिरीचं पाणी, आणि जून उजाडला तरी न मिळालेला गणिताचा मास्तर.

तेव्हा कोकणातल्या ग्रामीण हायस्कूलचा इतिहास गावापासून सुरू करून भागत नाही. १९०१ च्या जनगणनेत मुंबईतल्या जवळजवळ दर पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा बराचसा सिंधुदुर्गही येत होता. गिरणीत साचेवाला, गोदीत हमाल, पेढीवर कारकून, पोस्टात शिपाई अशी ही माणसं. गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरीवर चूल पेटत होती. त्याच पैशातून पुढे शाळाही निघाल्या.

या व्यवहाराचं एक जुनं आणि नीट नोंदलेलं उदाहरण दापोलीजवळच्या मुरुडचं आहे. धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात साताऱ्याला चालत गेला. शंभराहून जास्त मैल, वाटेत सह्याद्री. वयाची अट सतरा वर्षांची होती आणि ती त्याने पुरी केली होती. पण अंगकाठी किरकोळ, चेहरा पोरसवदा. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना काही तो सतरा वर्षांचा वाटेना. परीक्षेला न बसताच तो परतला. महर्षी कर्व्यांची ही गोष्ट चिकाटीचा नमुना म्हणून शाळाशाळांतून सांगितली जाते. परीक्षेचं केंद्र इतकं लांब का होतं, हा प्रश्न मात्र ती सांगताना सहसा कुणी विचारत नाही.

पुढे कर्वे मुंबईत रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ साली मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टनमधून १८८४ साली बी.ए. झाले आणि शिकवण्या करून संसार चालवू लागले. अशा ओढगस्तीच्या काळात, १८८६ साली, त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. गावाबाहेर कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला थोडा वाटा गावाच्या सार्वजनिक कामासाठी काढून ठेवायचा, अशी योजना. गावात इंग्रजी शिक्षणाची सोय करायला या फंडाचा आधार झाला. जवळच्याच मुर्डी गावचा रघुनाथ परांजपे हा हुशार मुलगाही कर्व्यांनी शिकायला मुंबईत आपल्या घरी ठेवून घेतला. तो १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय.

मग १८९३ साली विधुर कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि ज्या गावासाठी फंड काढला त्याच मुरुडने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कर्व्यांनी गावावर डूख धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मुंबईहून येणारा पैसा गावाला हवा आणि त्याच मुंबईहून येणारी वागणूक नको, ही ओढाताण पुढची शंभर वर्षं प्रत्येक शाळेच्या वाट्याला थोडीफार आली.

मुरुडहून दापोली जवळच. तिथे मिशनऱ्यांनी चालवलेलं हायस्कूल होतं. पुढे ते रेव्हरंड आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने ए. जी. हायस्कूल म्हणून ओळखलं गेलं. पांडुरंग वामन काणे या शाळेत शिकले. पालगडचे साने गुरुजीही काही वर्षं दापोलीच्याच शाळेत होते. ‘श्यामची आई’ वाचलेल्यांना पालगड-दापोली ही पायवाट पाठ असते. काण्यांची पुढची वाट सरळ मुंबईला आली. हायकोर्टात वकिली करत गिरगावातल्या आंग्रेवाडीत राहून त्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड पुरे केले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. मुरुडच्या कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं आणि दापोलीच्या शाळेत शिकलेल्या काण्यांना १९६३ साली. एका तालुक्याला अभिमान वाटावा असाच हा हिशेब आहे.

पण दापोलीचा दुसरा हिशेब त्याच्याच शेजारी मांडायला हवा. तिथल्या कॅम्पात निवृत्त महार आणि चांभार सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर याच परिसरातले, आणि सुभेदार रामजी आंबेडकरही निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले. सरकारी पेन्शन खाणाऱ्या या माणसांच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्जविनंत्या कराव्या लागल्या. प्रवेश मिळाला तेव्हा मुलांची जागा वर्गाबाहेर ओट्यावर होती. ज्या शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका आज निघतात, त्यांत पहिल्या बॅचच्या फोटोसाठी पान असतं, ओट्यासाठी नसतं.

घाटावर गोष्ट वेगळी घडली, आणि तिथे नजर टाकल्याशिवाय कोकणचं वेगळेपण कळत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, आणि घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून ते चालवलं. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. मुलांनी राबायचं आणि शिकायचं. १९४८ नंतर सरकारने अनुदान रोखलं तरी संस्था तगून राहिली, कारण तिची मुळं आसपासच्या शेतांत होती. कोकणात मूठभर धान्य मागायचं कुणाकडे? भात चार-सहा महिने पुरायचं, पुढे घर मुंबईच्या पैशावर. साहजिकच शाळाही तशीच उभी राहिली. मालवणात टोपीवाला हायस्कूल झालं ते मुंबईत टोप्यांचा व्यापार करून श्रीमंत झालेल्या देसायांच्या नावाने. मुंबईतल्या नायर हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे. ज्या गावाला टोपीवाला लाभला नाही, त्या गावाने दामोदर हॉलमध्ये नाहीतर साहित्य संघात मदतीचा प्रयोग लावला. तिकिटं चाळीचाळींतून खपवली. प्रयोग पडला तरी तिकीट पडत नसे, कारण ते गाववाल्याने दारात येऊन दिलेलं असे.

या औदार्याला एक टोक होतं. पैसा मुंबईचा म्हणजे हुकूमही मुंबईचा. मुख्याध्यापकाला खडूच्या खोक्यासाठी सेक्रेटरीला कार्ड लिहावं लागे. स्थानिक समिती म्हणे, तुम्ही गणपती-होळीला येणार, पावसात शाळा सांभाळतो आम्ही. मुंबईकर म्हणत, पावत्या कोण फाडतं? दोघांचंही बरोबरच होतं.

सरकार आत आलं ते हळूहळू. १९६० च्या आगेमागे कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, तशी फीअभावी घरी बसणारी पोरं वर्गात दिसू लागली. शिक्षकांचा पगार अनुदानातून आणि पुढे पे-युनिटमधून होऊ लागला. १९७५ साली अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली. त्या वर्षी जुने अकरावीवाले आणि नवे दहावीवाले दोघेही एकदमच बाहेर पडले आणि शाळांवरचा एक वर्ग उतरला. १९८० च्या दशकात मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण मिळालं. या सगळ्या योजनांत ही शेवटचीच बहुधा सर्वांत खोल गेली. आधी मुलगा शिकून मुंबईला जाई आणि मुलगी लग्न होऊन. आता तीही प्रमाणपत्र घेऊन जाऊ लागली.

याच सुमारास पैशाचा झरा आटला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. लालबाग-परळमधून वर्गणी देणारी माणसं स्वतःच गावी परतली, काही तर कायमची. इमारत निधीच्या याद्यांत यापुढे गिरणीकामगारांऐवजी बँकवाले, एल.आय.सी.वाले आणि आखातात गेलेले दिसू लागतात.

या शाळांचा अभ्यास चांगला होता, हे आकडेही सांगतात. २०१२ साली कोकण विभागाचं स्वतंत्र मंडळ सुरू झालं आणि दहावीच्या निकालात तेव्हापासून कोकण वर्षामागून वर्षं पहिलं आहे. पण पट घसरतो आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर असल्याचं २०२३ साली लहान शाळा एकत्र करण्याच्या ‘समूह शाळा’ प्रस्तावाच्या वेळी पुढे आलं. त्यांत बहुतेक प्राथमिक आहेत, पण प्राथमिकचा पट आज नसला की हायस्कूलचा उद्या नसतो. पटावरून शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेत तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि एकच मास्तर विज्ञानही शिकवतो आणि चित्रकलाही. याला नुसतं सरकार किंवा इंग्रजी माध्यम जबाबदार धरणं सोपं आहे. या शाळांनी शंभर वर्षं मुलांना उत्तम रीतीने जायलाच शिकवलं. ज्यांनी शाळा काढल्या ते स्वतः गेलेले होते, आणि गेलेल्या माणसाला शिक्षणाचा दुसरा उपयोग दिसणं कठीणच. भातशेती, मासे, आंबा-काजू यांबद्दल वर्गात शिकवावं असं त्या खोलीतल्या सभांना क्वचितच सुचलं असेल.

आता घसरत्या पटाची तीच अडचण गिरगावातल्या मराठी शाळांपुढेही आहे. चाळी पुनर्विकासाला गेल्या, मेट्रोच्या कामात काही जुन्या इमारती उतरवल्या गेल्या, बिऱ्हाडं डोंबिवली, विरार, बदलापूरला पांगली. मंडळांच्या सभा व्हॉट्सॲपवर ठरतात आणि अर्धेजण ऑनलाइन बसतात. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी मात्र कितीतरी संस्थांचा पत्ता अजून जुन्याच चाळीतल्या खोलीचा आहे. तो बदलायचा तर विश्वस्तांनी ठराव करून फेरफार अर्ज भरायचा, सह्या गोळा करायच्या आणि वरळीच्या कार्यालयात खेपा घालायच्या. सेक्रेटरी सत्तरीच्या पुढचे असतात. नवा सेक्रेटरी व्हायला तयार होणारं पंचेचाळिशीच्या आतलं माणूस मिळालं, तरच पुढच्या सभेत तो विषय घेतला जातो.