निर्गंध तेल

दाढी वाढणें हें आमच्या समाजांत पूर्वीं चातुर्मासाचें, व्रताचें किंवा अशौचाचें लक्षण मानीत. महर्षि कर्वे, आचार्य विनोबा अशा थोर पुरुषांची गोष्ट वेगळी. पण पांढरपेशा घरांतून दाढी क्वचितच दिसे. मीही शिक्षकाच्या नोकरींत असेपर्यंत रोज सकाळीं श्मश्रू केल्यावांचून शाळेची पायरी चढलों नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं उजव्या हातास कंप सुटला. एके दिवशीं हनुवटीस पातें लागलें, रक्त लौकर थांबेना, आणि सौ. नें एक शब्दही न बोलतां रेझर उचलून कपाटांत ठेवून दिला. तेव्हांपासून ही दाढी आहे. ती हौसेची नव्हे, एवढें वाचकांच्या ध्यानांत यावें म्हणून हा मजकूर प्रथम सांगितला.

आम्ही भाईंदरास राहतों. खाडी आणि मिठागरें जवळ असल्यामुळें येथील हवा बाराही महिने दमट असते असा समज आहे. पण पौष-माघांत जमिनीवरून कोरडा वारा वाहूं लागला कीं तो समज खोटा ठरतो. शिवाय उतारवयांत त्वचेची स्वाभाविक स्निग्धता उणावते. दाढीखालची कातडी ओढल्यासारखी होई, खाज सुटे आणि सदऱ्यावर पांढरा भुगा पडे. चिरंजीवांनीं बाजारांतून दाढीच्या सुगंधी तेलाची एक शिशी आणून दिली. खाज थांबली.

आठ-दहा दिवसांनीं माझ्या लक्षांत आलें कीं, सौ. सकाळचा चहा माझ्याजवळ न घेतां सज्जांत जाऊन घेते. तिला दम्याचा जुना विकार आहे. विचारलें तेव्हां म्हणाली, "अहो, त्या वासानें जरा कोंडल्यासारखें होतें, इतकेंच."

"मग सांगितलें कां नाहींस?"

"मुलानें हौसेनें आणलेलें, आणि तुमची खाज थांबली होती ना!"

इतक्या वर्षांच्या संसारांत ही बाई माझ्यापासून दूर जाऊन बसली, तीही माझ्याच सोयीसाठीं, आणि मला तें कळावयास दहा दिवस लागले! शिशी त्याच दिवशीं बंद केली. तीव्र वासानें दमेकऱ्यांस त्रास होतो हें मला ठाऊक असावयास हवें होतें. सुगंधी द्रव्यांमुळें कित्येकांच्या त्वचेवरही पुरळ व खाज उद्भवते, हें मागाहून समजलें. ज्यासाठीं तेल लावावयाचें, त्यालाच तें वाढविणार!

आतां बिनवासाचें तेल घरींच करावें असें ठरविलें. संस्कृताच्या अभिमानानें प्रथम तिळाकडे वळलों. 'तैल' हा शब्दच 'तिल' ह्यापासून झालेला, आणि वनस्पतिजन्य स्नेहांत चरकाचार्यांनीं तिळतेलास श्रेष्ठ पद दिलेलें. परंतु लांकडी घाण्याच्या तिळतेलाचा वास उग्र, आणि चेहऱ्यास तें जड झालें. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजूं लागतें. हिंवाळ्यांत सकाळीं शिशी तळहातांत धरून बसावें लागे, आणि वास होताच. ऑलिव्हचें तेल एका स्नेह्यांनीं सुचविलें. पण इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तें त्वचेचें संरक्षक आवरण दुबळें करतें असें आढळलें, तर सूर्यफुलाच्या तेलानें तें आवरण शाबूत राहिलें. सूर्यफुलाच्या तेलांतील लिनोलेइक आम्ल आपल्या करडईच्या तेलांतही विपुल असतें. सोलापुराकडे व मराठवाड्यांत पिकणारी ही करडई! शोधीत होतों तें स्वयंपाकघराच्या फळीवरच होतें.

कृति अशी. रिफाइन्ड, म्हणजे वास काढलेलें, करडईचें तेल १५ मिलिलिटर आणि गोड बदामाचें तेल ५ मिलिलिटर घ्यावें. त्यांत 'ई' जीवनसत्त्वाच्या एका गोळीस टांचणीनें भोक पाडून आंतील तेल पिळावें.  गडद रंगाची कांचेची शिशी धुऊन पूर्ण कोरडी करावी, तींत हें घालून हालवावें व उन्हापासून दूर ठेवावें. तापविण्याची गरज नाहीं. एकदम पुष्कळ करून ठेवूं नये. दीड-दोन महिन्यांत संपेल इतकेंच करावें आणि वास बदलल्यास टाकून द्यावें.

लावण्याचीही रीत आहे. तेल त्वचेस पाणी देत नाहीं. असलेलें पाणी उडूं देत नाहीं. म्हणून कोमट पाण्यानें तोंड धुऊन, पंचानें नुसतें टिपून, कातडी ओलसर असतांनाच चार थेंब केसांच्या मुळाशीं बोटांनीं चोळावे. अधिक लावल्यानें अधिक गुण येत नाहीं. उशीचा अभ्रा मात्र तेलकट होतो. प्रथम दोन दिवस कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें, आणि बदाम ज्यांस सोसत नाहीं त्यांनीं नुसतें करडईचें वापरावें. कातडी लाल होऊन पिंवळट, चिकट कोंडा येत असेल, तर तो नुसता कोरडेपणा नव्हे. त्यावर तेलानें विकार वाढण्याचा संभव असतो. तेथें घरगुती प्रयोग थांबवून त्वचेच्या डॉक्टरांस दाखवावें.

एक अडचण राहिली होती. माझा हात कांपत असल्यामुळें चार थेंबांचे कधीं दहा होत, कधीं शिशीच कलंडे. तें पाहून आतां सौ. च रोज सकाळीं माझ्या तळहातावर थेंब मोजून घालते. एखादे दिवशीं पांचवा पडला तर "आज दक्षिणा!" असें म्हणते. मग आम्ही चहा घेतों. सज्जांत नव्हे, आंतच.