कॉम्प्युटरला पाणी पाजायचं म्हणजे!

"नळाला आठवड्यानं पाणी येतंय, आणि हा निघालाय यंत्राला पाणी पाजायला!"

आईचं हे वाक्य गेल्या उन्हाळ्यात मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. आमचं घर धाराशिव शहराच्या अगदी कडेला. आमच्याकडे पाणी म्हटलं की आधी हंडा, घागर आणि टँकर आठवतो. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. अशा मुलखातल्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवायचं काढल्यावर घरात गहजब होणारच की!

पण मित्रांनो, माझीही अडचण ऐका. मी कॉम्प्युटरवर कार्टूनफिल्मची चित्रं तयार करायला शिकतोय, आणि थोडंफार कामही मिळायला लागलंय. त्यासाठी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला चांगला डेस्कटॉप घेऊन दिला. या कामात प्रत्येक चित्राचा प्रकाश, सावली, रंग यांचा हिशोब कॉम्प्युटर करत बसतो. एकेका दृश्याला पाच-सहा तास लागतात, आणि तेवढा वेळ त्याला दम खायला मिळत नाही.

आणि माझी खोली कुठली? गच्चीवरची, पत्र्याची! मे महिन्यात दुपारी खोलीतला तापमापक 44 दाखवायचा. आतल्या प्रोसेसरचं तापमान 97 अंशांवर जायचं. प्रोसेसर एवढा तापला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतो. तीन तासांचं काम मग पाच तासांवर जातं. एकदा तर सगळा कॉम्प्युटरच मध्यात बंद पडला आणि रात्रभराचं काम वाया गेलं. हप्ते तर चालूच होते.

त्याच सुमारास मी पाण्यानं थंड होणाऱ्या कॉम्प्युटरांबद्दल वाचलं. यात नवल काहीच नाही बरं का! 1985 साली अमेरिकेत निघालेल्या क्रे-2 या महासंगणकाचे भाग चक्क एका खास द्रवात बुडवलेले असत. तो द्रव विजेचा वाहक नव्हता, म्हणून ते जमलं. आपल्या पुण्यातही आयसर या संस्थेत 2019 साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला, त्याच्या चिपांची उष्णता नळ्यांतून फिरणारा द्रव वाहून नेतो. 'परम' घराण्यातला पहिला महासंगणक 1991 साली पुण्यातच सी-डॅकनं तयार केला होता. म्हटलं, पुण्याला जमतं ते धाराशिवला का जमू नये?

मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, 'योजना'. आणि लगेच आकृती काढली. टाकीतून पाणी पंपात, पंपातून प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात, तिथून ग्राफिक्स कार्डावरच्या ठोकळ्यात, मग रेडिएटरमध्ये, आणि पुन्हा टाकीत.

आमचे आजोबा, म्हणजे तात्या, बाजेवर बसून हे सगळं बघत होते. तात्यांचं सारं आयुष्य विहीर, मोटर आणि ठिबकच्या नळ्या यांत गेलेलं.

"काय करायलास रं?"

"तात्या, कॉम्प्युटरला पाण्यानं गार करायचंय."

"आत पाणी गेलं तर जळंल की!"

"पाणी नळीतच राहणार. चिपेला शिवणार नाही."

तात्या क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजी नळदुर्गाचा पाणी महाल म्हण की!"

मी चाटच पडलो! आपल्या जिल्ह्यातला नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बोरी नदीवर तिथे दगडी बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात आहे पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे बांधकाम. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असतं, तुम्ही आत उभे असता, आणि अंगावर थेंब येत नाही. गारवा मात्र येतो! तांब्याच्या ठोकळ्याचं काम अगदी असंच. भिंतीच्या एका अंगाला चिप, दुसऱ्या अंगाला वाहतं पाणी. मध्ये भिंत तांब्याची, कारण तांब्यातून उष्णता झटकन पलीकडे जाते.

"पण ते पाणी मग तापणार. त्याचं काय करणार?" तात्यांनी विचारलं.

खरा प्रश्न हाच होता. मी वहीत हिशोब मांडला. प्रोसेसरचे 125 वॉट आणि ग्राफिक्स कार्डाचे 220, मिळून 345 वॉट. एक लिटर पाणी एका अंशानं तापायला साधारण 4186 ज्यूल उष्णता लागते. 345 वॉट म्हणजे सेकंदाला 345 ज्यूल. भागाकार करा. दर बारा सेकंदांना एक अंश! म्हणजे ही सगळी उष्णता एक लिटर पाण्यातच साठत गेली, तर 44 अंशांचं पाणी सव्वाअकरा मिनिटांत उकळायला लागेल.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. पाणी उष्णता खाऊन टाकत नाही, ते फक्त हमालासारखी वाहून नेतं. ओझं कुठेतरी उतरवावंच लागतं. ते उतरवायची जागा म्हणजे रेडिएटर. त्याच्या पातळ पात्यांवरून पंखे हवा फेकतात आणि उष्णता खोलीत जाते.

तात्या म्हणाले, "मग खालच्या हौदात सोड की ती उष्णता."

मी हसलो, पण हिशोब करून पाहिला, आणि माझं हसू मावळलं. हजार लिटरचा हौद तासाभरात जेमतेम 0.3 अंशानं तापला असता! तात्यांचं गणित बरोबर होतं. पण हौदाचं पाणी बोअरचं. त्यातला क्षार आमच्या माठावर पांढरा थर धरतो. ठोकळ्याच्या आतल्या पात्यांमधल्या फटी केसासारख्या बारीक असतात. तिथे क्षार आणि शेवाळ साठलं की संपलंच.

"व्हय, ठिबकला बी तसंच," तात्या लगेच म्हणाले. "फिल्टर नसला की ड्रिपर तुंबतात."

तेव्हापासून तात्या योजनेत सामील झाले. मी पंप वर आणि टाकी खाली काढली होती. त्यांनी ती खोडायला लावली. "मोटर हवा धरंल. टाकी वर ठेव, पाणी आपसूक मोटरीत उतरलं पाहिजे. आन् कोरडी मोटर कधी चालवायची न्हाई!" कॉम्प्युटरचा एवढासा पंपही हाच नियम पाळतो. त्याला आतलं पाणीच गार ठेवतं आणि वंगणाचं कामही करतं. कोरडा फिरला की तो खराब होतो.

गाडीचा जुना रेडिएटर स्वस्तात मिळत होता. पण तो ॲल्युमिनियमचा, आणि ठोकळे तांब्याचे. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत घट आठवा, तसंच! म्हणून वहीत लिहिलं, 'रेडिएटर तांब्या-पितळेचाच. पाणी बोअरचं नाही, गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कूलंट.' सगळं मिळून पाऊण लिटर. एकदा भरलं की तेच फिरत राहणार, बदलायचं वर्षाकाठी एकदा. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच? मग एवढा गोंधळ कशाला घातलास?"

आता खर्च. साधा अंदाज असा, की 120 मिलिमीटरच्या एका पंख्यामागचा रेडिएटर सुमारे 100 वॉट बाहेर टाकतो. मला साडेतीन पंखे, म्हणजे चार हवे होते. सगळ्याची बेरीज झाली अडतीस हजार. माझी शिल्लक सतरा हजार. आणि नळी एका जोडाला जरी गळली, तरी कर्जाचा कॉम्प्युटर जाणार. हे आठवून रात्री झोप लागेना.

त्यातच एक गोष्ट लक्षात आली, आणि सारी योजनाच हलली. रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही. माठ करतो, कारण माठातलं थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बंद नळीतलं पाणी उडत नाही. म्हणजे खोली 44 अंश असेल तर पाणी 54 च्या आसपास जाणार. अनेक पंपांची आणि नळ्यांची मर्यादाच 60 अंश असते! पुस्तकातली योजना गार खोलीची होती, माझी खोली पत्र्याची.

मी तात्यांना हे सांगितलं. ते वर बघत म्हणाले, "मग आधी पत्र्याचं बघ की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पत्र्यावर डिंक घातलेला चुना मारला, दोन हात. पांढरा रंग ऊन परत फेकतो, हे मी शाळेत शिकलो होतो, पण डोक्यावरच्या पत्र्याला लावलं नव्हतं. मग प्लग काढून कॉम्प्युटर उघडला. पंख्याच्या पात्यांत धुळीची गादी बसली होती. ती ब्रशनं काढली. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हलवलं. एकूण खर्च सहाशे रुपयांच्या आत.

दुपारी खोलीत 40 अंश होते, आणि प्रोसेसर 86 वर! वेग कमी झाला नाही. बाबांनी तापमापक दोनदा वाचला.

मग पाण्याची योजना मोडीत काढली का? छे! ती लहान झाली. आता फक्त प्रोसेसरला पाणी, तीन पंख्यांचा एकच रेडिएटर. 125 वॉटांना ही जागा ऐसपैस आहे. ग्राफिक्स कार्ड आपल्या पंख्यांवर राहील. खर्च निम्म्याहून खाली आला. पैसे साठले की दिवाळीनंतर जोडायला घेणार आहे.

वहीचं शेवटचं पान गळतीच्या परीक्षेचं आहे. पाणी भरल्यावर चोवीस तास फक्त पंप चालवायचा, तोही वेगळ्या वीजपुरवठ्यावर. बाकीच्या कॉम्प्युटरला वीज द्यायचीच नाही. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवायचा. एकही कागद ओला झाला, तर पुन्हा पहिल्यापासून. पंपाची एक तार मदरबोर्डला जोडायची, म्हणजे पंप थांबला तर कॉम्प्युटरला कळेल. आणि मित्रांनो, तुम्ही घरचा कॉम्प्युटर उघडाल तर प्लग काढून आणि मोठ्यांना सोबत घेऊनच, बरं का!

"चोवीस तास जागणार कोण?" बाबांनी विचारलं.

"मी हाय की," तात्या म्हणाले. "रातच्याला पिकाला पानी द्यायला जागलोय जन्मभर. ह्ये तर पाऊण लिटर!"

आईनं त्या पानावर खाली एक ओळ लिहून ठेवली आहे: 'कागद ओला झाला, तर आधी मला उठवणे.'