नावेची पाठ

गेल्या वैशाखांत मी आठ दिवस कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत काढले, असें सांगितलें कीं आमच्या आळींतील मंडळी हंसतात. ज्यानें सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्या म्हाताऱ्याचें कारखान्यांत काय काम? 'पंचतारांकित' या शब्दानें तर आमच्या धाकट्या सूनबाईंचा समज असा झाला होता कीं, मामंजी एखाद्या भारी हॉटेलांत उतरले आहेत! त्या पांच तारा वसाहतीच्या दर्जाच्या. उतरावयाची सोय म्हणाल तर पत्र्याच्या शेडमधील एक लोखंडी खाट आणि एक पंखा. परंतु त्या आठ दिवसांत जें पाहिलें, आणि तेथें जाण्यापूर्वीं घरांत जें बोलावें लागलें, तें लिहून काढल्यावांचून मला चैन पडत नाहीं.

आमचें घर शिरोळ तालुक्यांतलें, पंचगंगा कृष्णेला मिळते त्या बाजूचें. नृसिंहवाडीच्या देवळांत पाणी शिरलें म्हणजे भाविकांना पर्वणी वाटते. पण तेंच पाणी पुढें चढूं लागलें कीं आमच्या घरांत धान्याचीं पोतीं माळ्यावर जाऊं लागतात. २००५ च्या महापुरांत सोप्यांत कमरेइतकें पाणी आलें आणि आईला खाटेसकट परक्याच्या नावेंतून न्यावें लागलें. ती गोष्ट दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या, मनाला फार लागली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं मालवणकडून एक जुनी फायबरची नाव आणली. लांबी सोळा फूट, आणि मागें लटकावयाचें पंधरा अश्वशक्तीचें इंजिन. घरांत त्या वेळीं मोटारगाडी नव्हती, पण नाव होती! अकरा महिने ती गोठ्याशेजारीं उपडी पडलेली असे, आणि तिच्याखालीं कोंबड्या अंडीं घालीत. (शेजाऱ्यांच्या, आमच्या घरीं कोंबड्या कोठून येणार?)

२०१८ सालीं वहिनींचे गुडघे दुखूं लागले, त्यांना नावेंत चढवेना. मीं बाजारांतून लहानशी लोखंडी शिडी आणली, आणि नावेच्या पिछाडीच्या फळीला चार भोंकें पाडून बोल्टांनीं ती आंवळली. भोंकांच्या कडांना लांबी भरली, वर निळा रंग फांसला. मास्तरानें पुस्तक सोडून हत्यार धरलें म्हणून दादांनीं चार लोकांत माझें कौतुक केलें, आणि मीहि तें सुखानें ऐकून घेतलें.

पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत तो महापूर आला. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला आणि कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या नावेनें पांच दिवस खेपा केल्या. शेवटच्या दिवशीं मात्र इंजिनाला जोर दिला कीं तें बसल्या जागीं मागेंपुढें डुलूं लागलें. दादा म्हणाले, "पाणी ओसरल्यावर फळी पाहिली पाहिजे." मी म्हणालों, "आंवळण्या ढिल्या झाल्या असतील." माझ्या मनांत तेव्हांच त्या चार भोंकांची शंका आली होती, ती मीं बोलून दाखविली नाहीं. त्याच पुरांत, ८ ऑगस्ट २०१९ रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती बातमी कानीं आली तेव्हां दादा आमच्या नावेकडे बराच वेळ पाहात उभे होते. पाणी ओसरलें, घर धुण्यांत दोन महिने गेले, मग दादांचें दुखणें निघालें. २०२१ च्या पुरापूर्वींच ते गेले. त्या वर्षीं आम्ही आधींच गांव सोडला. नाव जागची हललीहि नाहीं. फळी कोणींच पाहिली नाहीं.

गेल्या चैत्रांत पुतण्यानें नाव विकावयास काढली. वारणाकांठचा एक शेतकरी गिऱ्हाईक म्हणून आला. दोन लहान मुलगे बरोबर होते, तीं पोरें लगेच नावेंत चढून बसलीं. सौदा ठरला, इसारहि झाला. रात्रीं पुतण्यानें रुपयाच्या नाण्यानें पिछाडी ठोकून पाहिली. कडेला 'टण्‌' असा आवाज येई आणि मध्यें भिजक्या पोत्यावर मारल्यासारखा. तो मला म्हणाला, "काका, लांबी भरून रंग देऊं. जुनी वस्तु तो जुनी म्हणूनच घेतो आहे." यावर मी कांहींच बोललों नाहीं. मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्वदीर्घ ज्यानें कधीं सोडलें नाहीं, तो मी गप्प बसलों, हें येथें कबूल करणें भाग आहे.

वहिनी पलीकडे तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर न करतां विचारलें, "त्याचीं तीं पोरें बसणार ना त्या नावेंत?" पुतण्या उठून बाहेर गेला. मग मीं त्यांना शिडीची, चार भोंकांची आणि २०१९ च्या त्या माझ्या उत्तराची सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक होतें, भावोजी. तुम्ही आपण होऊन सांगाल, म्हणून थांबले होते." एवढें बोलून त्यांनीं सूप पुढें ओढलें. त्यानंतर त्या विषयावर त्या आजतागायत एक शब्द बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या शेतकऱ्याला खरें तें कळविलें. तो म्हणाला, "नीट करून देत असाल तर मिरगापर्यंत थांबतों." अशा रीतीनें एका टेंपोवर पालथी घातलेली नाव आणि तिच्यामागून मी असे कागलला पोंचलों. वसाहतींत मोठमोठ्या ओतशाळा आहेत, कापडाचे कारखाने आहेत. त्यांच्यामध्यें एका गल्लींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची फायबरची शेड आहे. टाक्या, गाड्यांचीं टपें, यंत्रांचीं झांकणें असा माल तो करतो. संस्कृतांत त्याला मीं पस्तिसाच्या वर गुण कधीं दिले नाहींत. त्यानें माझ्या पायांवर डोकें ठेवलें, आणि नाव पाहून तो जें बोलूं लागला, त्यावरून आतां मला गुण कोण देणार, असें वाटलें.

बाहेरून जी एकसंध काच दिसते, ती पिछाडीला तशी नसते. काचेच्या धाग्यांचें व राळेचें एक कवच बाहेर, एक आंत, आणि मध्यें लांकूड. इंग्रजींत या फळीला 'ट्रान्सम' म्हणतात. इंजिन धरलेलें असतें तिच्या माथ्याला, आणि त्याचा पंखा रेटा देतो खालीं पाण्यांत. म्हणून फळीचा माथा मागें ओढला जातो, खालचा भाग पुढें दाबला जातो, आणि प्रत्येक खेपेला ती पहारेनें उचकटल्यासारखी होते. नुसतें कवच हा ताण सोसत नाहीं. मधलें लांकूड तो सोसतें. लांकूड कोरडें असलें तर कुजत नाहीं. पूर्ण पाण्यांत बुडालेलें, हवा न लागणारें लांकूडहि फारसें कुजत नाहीं. ओल आणि हवा दोन्ही मिळालीं कीं बुरशी त्याला खाऊं लागते. एकाद्या भोंकांतून शिरलेलें पाणी दोन कवचांमध्यें अडकतें. साध्या लांकडी नावेला तेल पाजून उन्हांत ठेवलें कीं ती सुकते; हिला तशी सोय नाहीं. जें कवच पाणी बाहेर ठेवण्यासाठीं केलें, तेंच पाणी आंत कोंडून धरतें.

त्यानें बारीक गिरमिटानें आंतल्या अंगानें चारपांच ठिकाणीं भोंकें पाडलीं आणि निघालेला भुसा कागदावर माझ्यापुढें धरला. वरच्या कडेचा भुसा पिवळा व कोरडा होता. शिडीच्या भोंकांजवळचा काळा, चहाच्या चोथ्यासारखा ओला. मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें.

त्या रात्रीं खाटेवर पडल्या पडल्या मला 'युक्तिकल्पतरु' आठवला. भोजराजाच्या नांवावर असलेल्या या ग्रंथांत नौकांचें एक प्रकरण आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं आपल्या हिंदी नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथांत त्याचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. त्यांत लांकडाच्या चार जाति सांगून, दोन निरनिराळ्या जातींचीं लांकडें एकत्र करून बांधलेली नाव पाण्यांत लवकर कुजते व थोड्या धक्क्यानेंहि फुटते, असें म्हटलें आहे. जातींचा तो हिशेब आज कोणी मानणार नाहीं. पण दोन भिन्न स्वभावाच्या वस्तूंच्या सांध्यावर लक्ष ठेवावें, एवढें निरीक्षण त्यांत असावें. अमरकोशाच्या वारिवर्गांत सुकाणूला शब्द आहे, वल्ह्याला आहे, नावेंतलें पाणी उपसण्याच्या भांड्यालाहि आहे. पिछाडीच्या फळीला मला आढळला नाहीं. त्या नावांना इंजिन नव्हतें, त्यामुळें फळीचा असा विचार करण्याचा प्रसंगच आला नसेल.

दुसऱ्या दिवशीं काम सुरू झालें. शेडमधील मिस्त्री साठीचा, माझ्याच वयाचा, फार कमी बोलणारा. त्यानें आंतलें कवच चारी बाजूंनीं दोन इंच कड ठेवून ग्राइंडरनें कापलें आणि झांकणासारखें उचललें. खालचें लांकूड पटाशीनें काढावें लागलेंच नाहीं. हातानें मुठी भरून निघालें. जुन्या विहिरींतल्या गाळासारखा वास सुटला. वरचा तिसरा हिस्सा मात्र इतका घट्ट कीं, तो काढण्यांत दुपार गेली. कुजण्याचीं वर्तुळें माझ्या चार भोंकांभोंवतीं स्पष्ट दिसत होतीं. मी पाहात बसलों आहें हें पाहून मिस्त्री तळाकडे बोट करून म्हणाला, "गुरुजी, समदा दोष तुमचा न्हाई. हे बघा, पाणी सोडायच्या बुचाचं भोक. हितनंबी शिरलंय, आनि हे तुमच्या आधीचं हाय." मला त्यानें किती हलकें वाटलें, हें त्याला कळलें नसेल. पण मग असेंहि वाटलें कीं, फळी पहा म्हणून दादांनीं म्हटलें तेव्हां मी गप्प राहिलों, तें कांहीं त्या बुचानें केलें नव्हतें.

दोन दिवस आंतली पोकळी पंख्यानें व दिव्यांनीं सुकविण्यांत गेले. पुठ्ठ्याचा नमुना कापून आठ वेळां बसवून पाहिला. घाईचें नांव नाहीं. मग भारतीय मानक ७१० चें, म्हणजे नौकांसाठींचें, अठरा मिलिमीटरचें प्लायवुड दोन थर एकमेकांस चिकटवून दीड इंचाच्या आसपास जाडी केली. शेडमध्यें रोज वापरतात ती साधी पॉलिएस्टर राळ लांकडाला नीट धरत नाहीं, म्हणून इपॉक्सी आणली होती. नव्या फळीच्या सर्व कडांना आधीं ती पाजली. विशेषतः कापलेल्या कडांना, कारण तेथें लांकडाचीं तोंडें उघडीं असतात. मग राळेंत पूड कालवून लोण्यासारखा लगदा केला, तो बाहेरच्या कवचावर थापला आणि फळी दाबून बसविली. मागेंपुढें तुळया लावून आंवळल्यावर चारी कडांनीं लगदा बाहेर आला, तेव्हांच मिस्त्रीनें बिडी पेटवावयास बाहेर पाऊल टाकलें. आंत हवा राहिली नाहीं, याची ती खूण.

काचेची सुटी चटई घालावी, असें मीं सुचविलें, कारण तेथें तिचे गठ्ठेच होते. मालक हंसून म्हणाला, "गुरुजी, त्या चटईचे धागे ज्या डिंकानें धरले आहेत, तो पॉलिएस्टरमध्यें विरघळतो, हिच्यांत विरघळत नाहीं. हिला विणलेलें कापड पाहिजे." जुन्या कडा उताराच्या घांसून, प्रत्येक थर आधीच्या थराहून थोडा मोठा, असे थर चढविले. मला काम होतें तें लाटण्यासारख्या रोलरनें हवेचे फुगे काढण्याचें. दुसऱ्या कशाला हात लावूं देत नसत. पॉलिएस्टरला लागणारीं कोबाल्ट व हार्डनर यांचीं भांडीं शेडच्या दोन टोंकांना ठेवलेलीं असत. तीं थेट एकमेकांत मिसळलीं तर भडका उडतो. मी त्या बाजूनें फिरकलों तरी मिस्त्री खांकरे.

शेवटीं इंजिनाचीं भोंकें. तीं आधीं हवीं त्याहून मोठीं पाडलीं, राळेच्या लगद्यानें पुरतीं भरलीं, सुकूं दिलीं, आणि मग त्या भरावाच्या मध्यांतून बोल्टाच्या मापाचीं पुन्हां पाडलीं. बोल्टाभोंवतीं चहूंकडे राळच. मिस्त्री म्हणाला, "पाण्याला लाकूड दिसाय न्हाई पायजे." २०१८ सालीं हें वाक्य मला कोणी सांगितलें असतें तर! पण मीं तरी कोणाला विचारलें होतें? गिरमिट त्याच्या हातांतून घ्यावें, एक तरी भोंक आपण पाडावें, असें मनांत आलें होतें. त्यानें तें दिलें नाहीं.

मृगाच्या चार दिवस आधीं तो शेतकरी कागललाच आला. खर्च सौद्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका झाला होता; तो आम्हींच सोसला, आणि पुतण्यानेंहि त्याबद्दल तोंड वांकडें केलें नाहीं. इंजिन चढविल्यावर मालक त्याच्या खालच्या पट्टीवर उभा राहून दोनतीन वेळां जोरानें दबला. मी फळीशीं डोळा लावून पाहिलें, ती तसूभरहि हलली नाहीं. शेतकऱ्यानें खिशांतून रुपया काढला आणि सबंध पिछाडी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ठोकून पाहिली. त्याचा धाकटा मुलगा हट्ट करूं लागला, म्हणून मग त्यानेंहि ठोकून पाहिली.

शिडी आतां लावावयाची नाहीं, असें मिस्त्रीनें बजावलें होतें. ती मी घरीं परत आणली. मोडींत घालूं म्हणालों, तर वहिनींनीं ठेवून घेतली. सध्यां ती माळ्याला लावलेली आहे.