आईची खोली कितव्या मजल्यावर?

परदेशाहून आलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात ते हेच, की काय काय पाहिलेत? २०१८ च्या उन्हाळ्यात मी आणि आई दादाकडे अमेरिकेत जाऊन आलो, तेव्हा मलाही सर्वांनी तेच विचारले. व्हाइट हाउस पाहिले, लिंकनचे स्मारक पाहिले, पोटोमॅक नदी पाहिली, असे मी सांगत गेले आणि विचारणाऱ्यांचे समाधान होत गेले. पण त्या सबंध प्रवासात जी एक वास्तू मी मजल्यामजल्याने हिंडले, जिच्यातला दवाखाना कोठे आणि कप्तानाची खोली कोठे हे मला आजही अंधारात सांगता येईल, तिचे नाव मात्र मी कोणापाशी काढले नाही. कारण ती वास्तू मुळात नाहीच. ते एक आकाशात फिरणारे जहाज आहे आणि तेही कथेतले. त्याचे नाव एंटरप्राइज.

दादाचे घर मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे पुण्यात असते. आता काही वर्षे तरी तिने आपल्याकडे राहावे, असा दादाचा आग्रह होता. यंदा सहा महिने राहून पाहा, मग पुढचे ठरवू, असे म्हणून त्याने तिला बोलावले होते. मी केवळ महिनाभर सोबतीला. दादाने आईसाठी घराच्या तळमजल्याखाली, तिकडे बेसमेंट म्हणतात तेथे, झकास खोली तयार केली होती. स्वतंत्र न्हाणीघर, मोठा टीव्ही, जाड गादी, आवाजाचे नाव नाही. आईने ती पाहिली आणि म्हणाली, “छान आहे हो.” आईचा हा ‘हो’ मी ओळखते. तो लागला की छान काही नसते.

शनिवारी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने आम्हाला वॉशिंग्टनच्या विमान आणि अंतराळ संग्रहालयात नेले. नेले म्हणजे गाडी दादानेच चालवली, पण मोहिमेचे नेतृत्व भाच्याकडे होते. राइट बंधूंचे विमान, चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेले यान, हे सर्व त्याने आम्हाला घाईघाईने दाखवले आणि एका काचेच्या पेटीपुढे आणून उभे केले. “आत्या, आजी, हे बघा!”

पेटीत सुमारे साडेतीन मीटर लांबीचे एक राखी जहाज होते. पुढे एक भली मोठी सपाट बशी, बशीच्या खाली मान, मानेखाली सिगारेसारखे नळकांडे आणि त्यातून मागे वर निघालेल्या दोन खांबांवर दोन लांबच लांब नळ्या. आई म्हणाली, “अगंबाई, ही तर उपडी बशी!”

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. तिच्यासाठी १९६४ साली लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा यांचे हे जहाज बनवले होते. आकृती मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाची, आणि हे गृहस्थ स्वतः विमान चालवणारे. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका दाखवत असत. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून ती पाहिल्याची आठवण दादाने तेथे उभ्याउभ्याच सांगितली. मी फार लहान होते. मला त्यातले फक्त त्या टोकदार कानांच्या माणसाचे कान आठवतात.

१९७४ साली हे जहाज संग्रहालयाकडे आले. भाच्याने आम्हाला पेटीला वळसा घालायला लावला आणि डावी बाजू दाखवली. उजवीकडे खिडक्या, अक्षरे, सारे कसे रेखीव. डावीकडे जवळजवळ कोरे. चित्रीकरण नेहमी उजवीकडूनच व्हायचे, तेव्हा दिव्यांच्या तारा डावीकडून आत सोडल्या होत्या आणि ती बाजू सजवण्याच्या भानगडीत कोणी पडलेच नाही. लग्नात नवऱ्यामुलाच्या घराची फक्त पुढची भिंत रंगवतात, त्यातलाच प्रकार.

“आणि रे, आत काय आहे?” आईने विचारले.

“आत काही नाही, आजी. पोकळ. लाकूड आणि दिवे.”

“मग माणसे कुठे राहतात?”

आजीने असे विचारावे याचीच तो जणू वाट पाहत होता. “घरी चल. दाखवतो.”

त्या रात्री जेवणाच्या टेबलावरची ताटे उचलली गेली आणि त्याने आपल्या कपाटातून एक पाकीट आणले. आत घड्या घातलेले बारा मोठे कागद. ते त्याने टेबलभर पसरले आणि मी थक्क झाले. त्या पोकळ जहाजाचे संपूर्ण आतले नकाशे! प्रत्येक मजला वेगळा, प्रत्येक खोली, प्रत्येक दरवाजा.

या नकाशांची हकिगत मला जहाजाहूनही गोड वाटली. सॅन डिएगो शहरात फ्रान्झ जोसेफ श्नॉबेल्ट नावाचे एक गृहस्थ होते. विमानाच्या कारखान्यात आरेखनाचे काम करण्यात त्यांचा जन्म गेला. ती नोकरी सुटली तेव्हा मालिकाही बंद पडली होती. पण त्यांच्या मुलीला तिचे भारी वेड. तिची आणि तिच्या मित्रमैत्रिणींची खटपट पाहून बाप १९७३ साली कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि १९७५ साली हे बारा नकाशे छापून प्रसिद्ध झाले. मालिकेत दिसली ती मोजकी दालने. बाकीचे सारे जहाज या माणसाने राहते केले. विमानाचा आराखडा काढताना माणूस कोठे बसेल आणि कोठून चढेल हे पाहावे लागते. तोच हिशेब त्यांनी येथे लावला.

भाचा आम्हाला वरून खाली घेऊन निघाला. जहाजाची लांबी २८९ मीटर, बशीची रुंदी १२७ मीटर, माणसे ४३०. बशीच्या डोक्यावर जो छोटासा उंचवटा, तो पहिला मजला. तेथे गोल दालन, मध्ये कप्तानाची खुर्ची, समोर मोठा पडदा, पुढ्यात जहाज हाकणारे दोघे आणि भोवती कडेकडेने बाकीची मंडळी. आता गंमत पाहा. जहाजाच्या बाहेरच्या आकारात लिफ्टचा फुगवटा आहे अगदी मागे मधोमध. आणि मालिकेत लिफ्टचे दार दिसते कप्तानाच्या मागे, पण जरा एका बाजूला. दोन्ही खरे धरायचे, तर काय करायचे? आरेखकाने सबंध दालनच छत्तीस अंशांनी फिरवले! म्हणजे जहाज चालले आहे सरळ आणि कप्तान बसला आहे तिरका.

“वास्तुशांत केली नसेल,” वहिनी म्हणाली.

लिफ्टही साधी नव्हे. ती वरखाली जाते तशी आडवीही जाते. आत शिरायचे, मूठ धरायची आणि कोठे जायचे ते तोंडाने सांगायचे. कप्तानाची खोली पाचव्या मजल्यावर, पण सुरुवातीच्या एका भागात ती बाराव्या मजल्यावर असल्याचे सांगितले होते. “ट्रान्सफर झाली असेल,” दादा म्हणाला. सातव्या मजल्यावर दवाखाना. खाली नळकांड्याच्या शेपटाकडे लहान याने ठेवण्याची जागा. आणि पोटात कोठेतरी चेंडू घरंगळवून बाटल्या पाडण्याच्या त्या अमेरिकन खेळाची जागासुद्धा! मालिकेत एकदा एका पात्राने तिचा उल्लेख केला होता. तेवढ्यावर आरेखकाने ती काढून दिली.

खरे म्हणजे हॉलिवूडमधल्या स्टुडिओत उभे केलेले जहाज फार लहान होते. एक वळणदार बोळ होता. कॅमेऱ्याला त्याचे टोक दिसू नये म्हणून वळणदार. त्यातूनच मंडळी सगळ्या मजल्यांवर हिंडत. कप्तान कर्क आणि स्पॉक यांच्या खोल्याही मुळात एकच. सामान बदलले की खोली दुसऱ्याची.

यावर आई खुदकन हसली. “त्यात काय एवढे? आमच्या वाड्यात एकच खोली होती. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी तुझ्या आजोबांची बैठक, रात्री आठ माणसांचे अंथरूण. सामान नुसते इकडचे तिकडे.” भाच्याला हे इतके आवडले की त्याने तो वाडा नकाशात कोठे बसेल हे पाहायला सुरुवात केली. मी इतक्या वर्षांत त्याला मराठीत चार वाक्ये सलग बोलताना ऐकले नव्हते. त्या रात्री तो आजीशी दीड तास बोलला.

मग आईने एकेक विचारायला घेतले. स्वयंपाकघर कोठे? आहे, पण बहुतेकांना भिंतीतल्या खिडकीतूनच तयार ताट मिळते. एकदा त्या खिडकीतून कप्तानाच्या सँडविचऐवजी ट्रिबल नावाचे केसाळ गोळे बाहेर आले होते. देवघर कोठे? एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. एका भागात तेथे लग्न लागणार होते, ते युद्धामुळे अर्धवट राहिले. बाग? आहे. मुले? भाचा म्हणाला, या जहाजावर नाहीत. १९८७ पासूनच्या पुढच्या मालिकेत याच नावाचे दुसरे जहाज आहे, त्याला बेचाळीस मजले, हजारावर माणसे. त्यात बायकामुले आहेत, शाळा आहे, न्हावीसुद्धा आहे.

“आणि म्हातारी माणसे?”

भाचा थांबला. त्याने बारा कागदांवरून नजर फिरवली. मग त्याला आठवले. “स्पॉकचे आईबाबा आले होते एकदा. पाहुणे म्हणून. बाबा एकशे दोन वर्षांचे होते. ते आणि स्पॉक अठरा वर्षे नीट बोलतच नव्हते. मग जहाजावरच त्यांचे हार्टचे ऑपरेशन झाले.”

“म्हणजे आईबापांनी यायचे ते पाहुणे म्हणून,” आई म्हणाली, “आणि पोचायचे ते दवाखान्यात.”

आई हे हसत म्हणाली आणि आम्हीही हसलो. दादा मात्र हसला नाही. तो उठून पाणी प्यायला गेला.

भाचा पेन्सिल घेऊन वाकला होता. “आजी, तुझी खोली मी इथे करतो. सातव्या मजल्यावर. दवाखान्याच्या शेजारी. रात्री काही झाले तर लगेच डॉक्टर.” हिशेब बिनचूक होता. दादाने खोली निवडताना हाच हिशेब केला होता: बेसमेंटमध्ये न्हाणीघर हाताशी, आवाज नाही, कोणाची वर्दळ नाही. आईला त्रास होऊ नये म्हणून त्याने जे जे सुचेल ते केले होते आणि त्यात प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते, हे मला माहीत होते.

आईने चष्मा सारखा केला आणि कागदावर बोट ठेवले. “दवाखान्याजवळ नको रे बाळा. या बोळात दे. जिथून सगळी जातात-येतात तिथे. दार उघडे राहील असे.”

“पण आजी, तिथे नॉइज असेल. सगळे तुझ्यासमोरूनच जाणार.”

“जाऊ देत की. जाताना कोणी तरी विचारेल, जेवलीस का?”

स्वयंपाकघराच्या दारात दादा पाण्याचा पेला हातात धरून उभा होता. त्याने ते ऐकले. कोणी काही बोलले नाही. भाच्याने मात्र पहिली खोली खोडली आणि लिफ्टच्या दाराजवळ, वळणावर, एक लहानसा चौकोन काढून त्यात मराठीत ‘आजी’ असे लिहिले. ‘ज’ उलटा आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उठून खाली आले तो दादा आणि वहिनी जेवणाच्या खोलीतले ते मोठे टेबल ओढत होती. एरवी त्या टेबलावर वर्षातून दोनदा पाहुणे जेवत आणि बाकी दिवस पत्रे साचत. स्वयंपाकघर आणि जिना यांच्या मध्येच ती खोली. घरातल्या प्रत्येकाला तिच्यावरूनच जावे लागते. दुपारपर्यंत टेबल बेसमेंटमध्ये गेले आणि आईचा पलंग वर आला. खोलीला दार नव्हतेच, कमान होती. दादाने तिला पडदा लावला. आईने तो पहिल्याच दिवशी बाजूला सारून दोरीने बांधून टाकला.

मी महिन्याने परत निघाले तेव्हा आई विमानतळावर आली नाही. तिचे म्हणणे, भाच्याची शाळेची बस साडेतीनला येते, त्या वेळी घरात कोणी हवे. सहा महिने झाल्यावर ती ठरल्याप्रमाणे पुण्याला आली, आणि तेव्हापासून तिचे सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असे चालले आहे.

ती परत आली त्याच आठवड्यात मी आमच्या घरातल्या तिच्या खोलीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. मागची खोली, शांत, न्हाणीघराला लागून. आईने आजवर तक्रार म्हणून केली नव्हती. मी विचारले, “आई, तुझा पलंग पुढे हॉलमध्ये घेऊ का?”

“छान होईल,” आई म्हणाली.

या वेळी ‘हो’ नव्हता. मी लगेच यांना हाक मारली आणि पलंगाचे एक टोक उचलले.