काकांची कॅरॅव्हॅन

मंडळी, दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी म्हणजे आपल्या मेसमधली आमटी. आहे म्हणायची आणि डाळ शोधत बसायची! त्यामुळे र्‍हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. इंग्लिश सेक्शनला देणार होते, पण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द इंग्रजीत मिळालाच नाही, म्हणून इकडे आले.

सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर जूनमध्ये मी काकांकडे गेले होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, लेस्टरच्या बाहेर एका वसाहतीत राहतात. तिथे त्यांना सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत काकांनी शेजाऱ्यांना कसलाही त्रास होऊ दिलेला नाही. फोडणी खिडकी लावून. गणपतीची आरती टाळ्या न वाजवता. विसर्जन बादलीत. चिन्मयने, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या चुलतभावाने, अंगणात जोरात ओरडलेलंही त्यांना चालत नाही. "आपण इथे दिसायचं नाही, नीट राहायचं," असा त्यांचा फंडा.

आणि अशा माणसाने एप्रिलमध्ये साडेसहा मीटर लांब, पांढरीशुभ्र, चार माणसं झोपतील अशी सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेऊन दारात उभी केली!

कॅरॅव्हॅन म्हणजे आपल्याकडे हल्ली टूरिझमवाले दाखवतात ती इंजिनवाली व्हॅन नव्हे. हिला इंजिन नसतं. दोन चाकांचं घर, ते गाडीच्या मागे अडकवायचं आणि निघायचं. आत गॅस, सिंक, फ्रिज, एवढंसं बाथरूम. शब्द मूळचा फारसी, आपला 'कारवाँ' तोच. इंग्रजांनी तो उचलला आणि पुढे त्याचंच शेपूट तोडून 'व्हॅन' केलं. हौसेसाठी असं घर बांधून फिरणारा पहिल्यांपैकी एक म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. १८८५ साली त्याने 'वाँडरर' नावाचं घर ब्रिस्टलच्या कारखान्यातून बनवून घेतलं, आणि ते घोडे ओढायचे. १९०७ मध्ये तर या लोकांचा क्लबसुद्धा निघाला. हे सगळं मला काकांनी एअरपोर्टवरून घरी जाता जाताच सांगितलं. पूर्वी काकांसारख्या १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना ठरावीक मर्यादेपलीकडचं वजन ओढायला वेगळी टेस्ट द्यावी लागायची, डिसेंबर २०२१ मध्ये ती अट गेली, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे होतं म्हणे. काकू मागच्या सीटवर गप्प होती. म्हणजे विषय तापलेला होता.

आजीला साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून कॅरॅव्हॅन दाखवली. आजी म्हणाली, "चांगलं घर हाय की तुला. ऊसतोडवाल्यावानी गाडीत कशाला झोपतोस, बाळा?" काका हसले, पण मला वाटतं त्यांना ते लागलं.

माझं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. "तू मेकॅनिकलची ना? मग नोजवेट काढ." कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर जेवढ्या वजनाने टेकतो ते नोजवेट. साधारण एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं लागतं. आमची भरलेली कॅरॅव्हॅन १२५० किलोची, म्हणजे ६३ ते ८७ किलो. पण काकांच्या गाडीच्या हुकाची मर्यादा ७५. कमी पडलं तर मागचं घर रस्त्यावर सापासारखं डावी-उजवीकडे झुलायला लागतं, आणि वेग जास्त असेल तर गाडीलाही घेऊन पडतं. जास्त झालं तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

मोजायचं कसं? बाथरूममधला वजनकाटा! दांड्याच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा कापून काट्यावर उभा करायचा, त्यावर दांडा टेकवायचा. ४१ आलं. काकूने सगळं जड सामान, म्हणजे तांदूळ, प्रेशर कुकर, खलबत्ता (हो, खलबत्ता!), मागच्या कपाटात लावलं होतं.

हे सगळं आजी फोनवर बघत होती. तिला टक्के-बिक्के काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "उलाळ झालीया तुमची गाडी. मागचं वझं पुढं घ्या."

उलाळ! बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर गाडी बसत नाही, त्याला म्हणतात उलाळ. आजी लहानपणी पालीच्या खंडोबाच्या यात्रेला बैलगाडीने जायची, रात्री गाडीखाली झोपायची. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर मी सबमिशनच्या अठरा शीट काढल्या, पण मला हा शब्द कोणी सांगितला नव्हता. खलबत्ता चाकांच्या वर आणला, गॅसची टाकी पुढच्या खणात ठेवली. ७२. काकांनी काट्याचा फोटो काढून ठेवला.

आणि त्याच संध्याकाळी दाराच्या फटीतून चिठ्ठी पडली.

शेजारच्या बाईंची. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. चिठ्ठी एकदम सभ्य. घराच्या खरेदीखतात काय अट आहे ते कृपया बघावं, एवढंच. काकांनी ती चार वेळा वाचली. मग ड्रॉवरमधून कागद काढले. अट होती. या वसाहतीत घराच्या दर्शनी रेषेच्या पुढे कॅरॅव्हॅन, बोट, ट्रेलर उभा करायचा नाही. बऱ्याच नव्या वसाहतींत बिल्डर अशी अट घालून ठेवतात म्हणे. काकांनी सही केली होती, वाचलं नव्हतं. (आपण हॉस्टेलच्या नियमांवर करतो तशीच.)

"विकून टाकू," काका म्हणाले. जेवलेच नाहीत. मला खरं सांगू, त्यांचा चेहरा केटी लागलेल्या मुलासारखा झाला होता. सतरा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर दिसेल अशी एक गोष्ट स्वतःसाठी केली, आणि लगेच चिठ्ठी. तोपर्यंत चिडलेली काकू मात्र आता म्हणाली, "विकायची कशाला? अट पुढे उभी करायची नाही अशी आहे ना? मग मागे घ्या!"

बरोबर होतं. घराच्या डाव्या भिंतीपासून शेजारच्या हद्दीपर्यंत खडी टाकलेली पट्टी आहे. मी टेप घेऊन उतरले. रुंदी २.६२ मीटर. हद्दीवर शेजारच्या बाईंचं झुडपांचं कुंपण, तिथे हेज म्हणतात, ते आमच्या बाजूला ३८ सेंटिमीटर आलेलं. राहिले २.२४. कॅरॅव्हॅन २.२०. बसते! मी ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग काढलं, डायमेन्शन टाकली, टायटल ब्लॉकसुद्धा केला. काका खूश. तेवढ्यात चिन्मयने भिंतीवर हात ठेवून विचारलं, "ताई, आणि हे?"

गॅसच्या मीटरची पेटी. भिंतीतून २२ सेंटिमीटर बाहेर. रोज तिच्या शेजारून जात होते मी!

म्हणजे हेज हद्दीपर्यंत कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आपल्या बाजूला आलेल्या फांद्या कापायला तिथे परवानगी लागत नाही. पण काका म्हणाले, न विचारता कापणार नाही. आणि विचारायला जाणारही नाहीत! दोन दिवस स्वयंपाकघरात वाक्यांची प्रॅक्टिस चालली होती. शेवटी काकूने शंकरपाळ्यांचा डबा हातात दिला, मला सोबत दिलं आणि दार लावून घेतलं.

बाई दारातच म्हणाल्या, "मला त्या कॅरॅव्हॅनचा राग नाही. मला तिच्यामागचं दिसत नाही."

त्यांचा ड्राइव्ह आमच्या ड्राइव्हला लागून. कॅरॅव्हॅनचं मागचं टोक अगदी फुटपाथला टेकलेलं. गाडी बाहेर काढताना त्यांना फुटपाथ दिसतच नव्हता. आठवड्यापूर्वी त्या मागे येत होत्या आणि एक मुलगा सायकलवरून समोर आला. ब्रेक लागला म्हणून. रात्रभर झोप आली नाही, म्हणाल्या. मुलगा कोण ते त्यांनी सांगितलं नाही. पण आम्ही दोघंही ओळखलं. त्या रस्त्यावर हिरव्या हेल्मेटवाला एकच आहे, आणि त्याने घरी चकार शब्द काढला नव्हता.

काका काही बोललेच नाहीत. प्रॅक्टिस केलेलं सगळं वाया. मग नुसतं "सॉरी" म्हणाले, आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन आपली गाडी रस्त्यावर लावली आणि कॅरॅव्हॅन ढकलत गॅरेजच्या दाराला चिकटवली. ढकलत म्हणजे रिमोटने. टायरवर रोलर दाबून फिरवणाऱ्या दोन छोट्या मोटरी असतात, बॅटरीवर चालतात. एक चाक पुढे, एक मागे केलं की अख्खं घर जागच्या जागी वळतं. बाईंनी आपल्या गाडीत बसून पाहिलं आणि अंगठा दाखवला. दिसतं.

हेजचं विचारलं तेव्हा त्या आम्हाला पलीकडून घेऊन गेल्या आणि एक फांदी अलगद बाजूला केली. आत घरटं. त्यावर बसलेली तपकिरी मादी. नाव ब्लॅकबर्ड, पण काळा फक्त नर असतो. वापरात असलेलं घरटं मुद्दाम मोडणं तिथल्या १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. "पिल्लं उडेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "मग कापा. तोपर्यंत पुढे राहू दे, मी कोणाकडे बोलणार नाही."

नंतरचे अडीच आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. काका ऑफिसमधून आले की कोट न काढता आधी हेजपाशी. पलीकडून बाई. चार पिल्लं निघाली, तीन राहिली. सतरा वर्षांत जे दोघं फक्त हवामानावर बोलले होते ते हळू आवाजात गांडुळांवर चर्चा करत उभे राहायचे. चिन्मयला मात्र सायकल दहा दिवस बंद होती. त्यावर चर्चा नव्हती.

पिल्लं उडाली त्यानंतरच्या शनिवारी हेज कापली. खडी ओली होती, रोलर फिरायचे आणि चाक जागीच घसरायचं, मग प्लायवूडच्या फळ्या टाकल्या. काका रिमोटवर, मी मीटरच्या पेटीपाशी, बाई हेजच्या बाजूला. "तुमच्याकडे दहा! माझ्याकडे नऊ!" असं ओरडत पाऊण तास. हो, ओरडत. काकासुद्धा.

चाकाला क्लॅम्प, दांड्याला कुलूप लावलं (नाहीतर इन्शुरन्सवाले विचारत नाहीत), आणि त्या रात्री आम्ही चौघं तिच्यातच झोपलो. घरापासून एक हात अंतरावर! रात्री पाऊस आला. पत्र्यावर वाजतो तसा छतावर वाजला. काका अंधारात म्हणाले, "साताऱ्याच्या घराला पत्रा होता ना." कोणी उत्तर दिलं नाही, चिन्मय घोरत होता.

मी परत आले. सबमिशन, लोडशेडिंग, मेस, सगळं जागच्या जागी. परवा काकांचा फोटो आला. समुद्राच्या वर गवताचं मैदान, पांढरी कॅरॅव्हॅन, पुढे दोन खुर्च्यांवर काकू आणि शेजारच्या बाई, मांडीवर डबा. खाली फक्त, '७२'.

फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ती म्हातारी झोपली कुठं?"