दोन दोर

दांडीच्या किनाऱ्यावरील आमच्या घरी १९६८ च्या सुमारास जो व्हॉल्व्हचा रेडिओ आला, त्याचा परवाना वडिलांनी सातबाराच्या उताऱ्याशेजारी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता; दरसाल टपालकचेरीत फी भरून त्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून आणण्याचे काम माझे असे. रेडिओ ओटीवर होता, ओटीवर पुरुषमंडळी बसत, आणि आई दोन भिंतींपलीकडे चुलीपाशी असे. तिच्यापर्यंत जो आवाज पोहोचे त्यातले शब्द वाटेतच गळून जात आणि नुसता सूर उरे. एके दिवशी वडिलांनी रेडिओच्या पाठीमागील, आजवर रिकाम्या राहिलेल्या दोन छिद्रांत तार खोवली, ती वाशावरून स्वयंपाकघरात नेली आणि तिच्या टोकाला एक जुना कर्णा टांगला. दुसरा कर्णा जोडताच ओटीवरचा आवाज किंचित उतरला, कारण एकाच यंत्राची शक्ती आता दोघांत वाटली जात होती. पण बसलेल्यांपैकी कोणीही त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्या रात्री जेवण वाढताना आई वडिलांशी कीर्तनातल्या आख्यानाविषयी बोलली. त्यापूर्वी ती असे बोलल्याचे मला आठवत नाही.

पुढे माझे आयुष्य तहसील कचेरीच्या बारनिशीत गेले. एखादा हुकूम निघाला की कार्बन कागद घालून त्याच्या चार-पाच नकला व्हायच्या, मूळ प्रत दप्तरी राहायची आणि एकेक नक्कल एकेका तलाठ्याकडे रवाना व्हायची. नक्कल सोमवारी पोहोचली काय आणि गुरुवारी पोहोचली काय, मजकूर तोच राहतो. या विश्वासावर मी चौतीस वर्षे जावक नोंदवही लिहिली. आवाजाच्या बाबतीत हा विश्वास चालत नाही, हे कळायला मात्र मला निवृत्त व्हावे लागले.

मधल्या काळातील एक स्मरण येथे नमूद केले पाहिजे. सोनी कंपनीने १९७९ साली जो पहिला वॉकमन बाजारात आणला, त्याला हेडफोन जोडण्याची एक नव्हे, दोन भोके होती. शेजारी माणूस बसलेले असताना आपण एकट्यानेच संगीत ऐकणे हे कंपनीचे अकिओ मोरिता यांना असभ्यपणाचे वाटले, म्हणून ही योजना. शिवाय त्यावर एक नारिंगी कळ होती, ती दाबली की संगीत मंदावे आणि दोन्ही श्रोत्यांना परस्परांशी बोलता येई. आमच्या मामेभावाने मस्कतहून असा एक वॉकमन आणला, तेव्हा माझा थोरला भाऊ आणि मी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे तोंड करून वाळूत बसलो आणि एकच भजन दोघांनी, दोन हेडफोनांतून, एका क्षणी ऐकले. दादाने डोळे मिटून घेतले होते. पुढे लोकांनी हे यंत्र एकेकट्यानेच वापरणे पसंत केले आणि कालांतराने ते दुसरे भोक नाहीसे झाले. मला ती हानी वाटते, आणि तसे मी आजही मानतो.

दादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. तीस वर्षे इंजिनाच्या धडधडीशेजारी उभे राहून त्याचा उजवा कान पूर्ण गेला, डावा अधू झाला, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर समुद्रही सुटला. त्याचा नातू संगणकावर ‘सी ऑफ थीव्ज’ नावाचा खेळ खेळतो. ब्रिटनमधील रेअर या संस्थेचा, २०१८ सालचा, ज्यात शिडाचे जहाज हाकारायचे, वादळात सुकाणू धरायचे आणि तळाला भोक पडले तर फळी ठोकून बादलीने पाणी उपसायचे. शत्रू डावीकडून आला की उजवीकडून, हे मुलाला कानांनीच ओळखायचे असल्यामुळे त्याच्या डोक्यावर हेडफोन असे, आणि दादा त्याच्या शेजारी खुर्चीवर बसून मुकाट समुद्र पाहत असे. लाटा उठत, शीड फुगे, वीज कोसळे, पण सारे निःशब्द. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, “ह्येचो आवाज खंय गेलो?”

या प्रश्नाने मला कामाला लावले. संगणकाची रीत अशी की, आवाज बाहेर पाठवण्यासाठी जे एक यंत्र मुक्रर केले असेल, केवळ त्याच्याकडेच तो रवाना होतो; हेडफोन जोडला की स्पीकर मुका. व्हिन्सेंट ब्यूरेल यांनी लिहिलेले ‘व्हॉइसमीटर’ नावाचे एक सॉफ्टवेअर यावर उपाय करते: ते स्वतःच एक काल्पनिक ध्वनियंत्र म्हणून संगणकापुढे उभे राहते, सारा आवाज स्वतःकडे आवक करून घेते आणि त्याच्या नकला ए-१, ए-२ अशा निरनिराळ्या वाटांनी जावक करते. माझ्या कचेरीचीच पद्धत! मी आनंदाने दादाजवळ एक बिनतारी ब्लूटूथ स्पीकर ठेवला. विजेबद्दल त्याला काही वावगे वाटले नाही, कारण समुद्रावर वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. पण शीड पडद्यावर आधी फडफडले आणि कानात नंतर, तेव्हा त्याने मान हलवली. ब्लूटूथने जाणारा आवाज आधी आवळून बांधला जातो, पलीकडे सोडवला जातो, आणि यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज निघून जातो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज अडुसष्ट मीटर चालतो. म्हणजे दादाला ऐकू येणारे शीड जणू दूरच्या दुसऱ्याच गलबताचे होते.

तारेचा स्पीकर आणला, तरी एक बारीक गुंता उरतोच, आणि तो मला सर्वांत मनोवेधक वाटतो. प्रत्येक ध्वनियंत्रात स्फटिकाचे आपापले घड्याळ असते, त्याच्या ठोक्यावर ते सेकंदाला ४८,००० नमुने वाजवते. पण दोन घड्याळे तंतोतंत सारखी कधी नसतात. लाखात दोन एवढाच फरक धरला तरी तासाभरात एक आवाज दुसऱ्यापेक्षा ७२ मिलिसेकंदांनी मागे पडतो. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढताना जाळ्याचे दोन दोर दोन तुकड्यांच्या हाती असतात. एक तुकडी घाई करू लागली की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते, म्हणून जाणता माणूस मध्ये उभा राहून एकीला सबूर सांगतो, दुसरीला हाकारतो. सॉफ्टवेअरही तेच करते: मागे पडणाऱ्या वाटेवरचा एखादा नमुना गाळते, पुढे जाणाऱ्या वाटेवर एखादा भरते, इतक्या अल्प प्रमाणात की कानाला त्याचा मागमूस लागू नये.

स्पीकर दादाच्या डाव्या हाताला, कानाच्या उंचीवर ठेवला. त्या रात्री जहाज वादळात होते, सुकाणू हातात ठरत नव्हते, नातू दात आवळून होकायंत्राकडे पाहत होता. पाऊस, वारा, डोलकाठीची करकर, सारे आवाज दोघांच्या कानांत एकाच वेळी जात होते. दादा पुढे वाकला. बराच वेळ त्याने पडद्याकडे पाहिलेच नाही, मान कलती करून तो नुसता ऐकत राहिला, आणि मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “होडयेन पाणी घेतल्यान, बाबू. खाली बघ.”

नातवाने सुकाणू सोडले, बादली उचलली आणि जिना उतरला. तळात गुडघाभर पाणी होते.