घासलेला नंबर

रांजणगावच्या एका कारखान्यात मला लेसर मार्किंगवर लावलं, तेव्हा आई नातेवाइकांना सांगायची, "पोरगा भांड्यावर नाव टाकायच्या मशीनवर हाये." आधी मी चिडायचो. मग सोडून दिलं, कारण तिचं फारसं चुकत नव्हतं.

लाइनवरची पहिली मशीन माझीच. कोरा सर्किट बोर्ड आत सरकला की लेसर त्यावर चार-पाच मिलिमीटरचा चौकोनी कोड जाळायचा. त्यानंतर सोल्डर पेस्ट, पार्ट बसवणाऱ्या मशिनी आणि भट्टी. भट्टीत २४० अंशांच्या आसपास ताप. साधं स्टिकर तिथे टिकत नाही, ताप सोसणारं महाग पडतं. जाळलेली खूण मात्र भट्टीतून आणि धुलाईतून तशीच बाहेर येते. आमचा लेसर कार्बन डायऑक्साइडचा, १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा. बोर्डावरचा हिरवा लेप हे किरण शोषून घेतो, तांबं ते परतवतं. तरी पॉवर चढली की लेप पार उडून तांबं उघडं पडे आणि बोर्ड बाद होई. उतरली की कॅमेऱ्याला कोड दिसेना. बोर्डांचा पुरवठादार बदलला की हिरव्याची छटा बदले, आणि माझी अर्धी सकाळ सेटिंगमध्ये जाई. धूर ओढणारं यंत्र होतं, पण जळक्या रेझिनचा वास कपड्यांना यायचाच.

हा कोड म्हणजे डेटा मॅट्रिक्स. लागून असलेल्या दोन बाजूंना अखंड रेघ, उरलेल्या दोन बाजूंना एकाआड एक ठिपके. त्यावरून कॅमेऱ्याला दिशा कळते. थोडा भाग खरचटला तरी कोड वाचता येतो, कारण चूक भरून काढणारे जादा ठिपके त्यात आधीच घातलेले असतात.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, ते कपॅसिटरच्या एका रीलमध्ये दोष निघाला तेव्हा पाहिलं. फीडरला रील लावताना तिचंही लेबल स्कॅन होत असे. त्यामुळे ती रील कोणकोणत्या बोर्डांत गेली याची यादी संगणकाने काढून दिली. तेवढेच बोर्ड बाजूला काढले, बाकीचा माल संध्याकाळच्या ट्रकने गेला.

पुढे घरच्या कारणाने परतलो आणि मालेगावात (नाशिककडचं नव्हे, आमचं वाशिमचं) दुरुस्तीचं दुकान टाकलं. फवारणी पंपाचे चार्जर, इन्व्हर्टर, आणि पेरणी झाली की झटका मशीन. रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन वाचवायचं तर तारेत झटका लागतोच.

इथे बसल्यावर कळलं, की मी ज्यावर इतका जीव टाकला ते कोड माझ्याच काही कामाचे नाहीत. मोबाइलने स्कॅन केला तर अक्षरांची एक ओळ दिसते, बस. हकीकत सगळी कंपनीच्या सर्व्हरमध्ये. आमच्या वाशिमला १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म हे गावाचं जुनं नाव, राजाच्या कारकिर्दीचं ३७वं वर्ष, दान कोणाला दिलं ते, सगळं तांब्यावरच कोरलेलं. वाचायला विद्वान लागले, पण पासवर्ड लागला नाही.

दुकानात उपयोगी पडतो तो आयसीवरचा नंबर. तो मिळाला की डेटाशीट मिळते. खाली बहुधा चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. पण त्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. जुना नाहीतर हलका मॉस्फेट घासून, वर काळा लेप देऊन त्यावर भारी नंबर लेसरने मारलेला असतो. मी कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन पुसतो. लेप असला तर बोळा काळा होतो. काही लेप ॲसिटोनलाही दाद देत नाहीत, मग समोरचा आणि बाजूचा पोत भिंगाखाली ताडून पाहायचा. ज्यांनी हे केलं त्यांच्या हाताची सफाई बघून कधी कधी वाटतं, हा माणूस आमच्या लाइनवर हवा होता.

गेल्या पावसाळ्यात एक काका झटका मशीन घेऊन आले. उघडली तर आठ पायांच्या आयसीवरचा नंबर सँडपेपरने साफ घासलेला. ही फसवणूक नव्हे. कोणी नक्कल करू नये म्हणून बनवणारेच असं करतात.

"नंबरच नाई, मंग कसं कराल भाऊ?"

भिंग लावून एकेक ट्रॅक धरत मागे गेलो. दोन आणि सहा नंबरचे पाय एकमेकांना जोडलेले, चार नंबरचा आठशी, एक नंबरचा ग्राउंडला. हसूच आलं. ५५५ टायमर! ठरावीक अंतराने ठोका द्यायचं काम त्याचं, आणि आयटीआयच्या कुठल्याही पोराला पाठ असलेली जोडणी.

"केवढ्याले येते थो?"

"दहा-पंधरा रुपये."

"अन् त्याचं नाव लपवलं त्यानं?"

नवी आयसी सॉकेटमध्ये बसवली, मशीन टिकटिकायला लागली. झाकणाच्या आत मी मार्करने ५५५ लिहायला घेतलं, तर काकांनी हात धरला. "लिहून ठेवलं, मंग पुढच्या खेपेले मी तुमच्याकडे कायले येईन?"

"नका येऊ," मी म्हटलं, आणि नंबरापुढे तारीखही टाकली.